बीएमआय काढला ठीक आहे, पण पोटाला टेप लावलाय का?

माझं तालुक्याच्या गावाला मेडिकल आहे. काउंटरच्या बाजूला वजनकाटा ठेवलेला असतो, ज्याला पाहिजे त्याने उभं राहावं, पैसे नाही घेत. दिवसभर लोकं चढतात उतरतात आणि मग मोबाईलमधल्या कुठल्यातरी ॲपमध्ये वजन-उंची टाकून स्क्रीन माझ्यासमोर धरतात, भाऊ हे लाल का दाखवून राहिलं. ज्याला हिरवं येतं तो काही विचारत नाही, तो खुश होऊन जातो, रात्री शेवभाजीचा बेत पक्का. मला खरी काळजी ह्या हिरव्यावाल्यांचीच जास्त वाटते, का ते पुढे येईलच. तर बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, कसा काढायचा, आपल्या लोकांसाठी त्याच्या रेषा कोणत्या, तो कुठे गंडतो आणि आकडा आल्यावर करायचं काय, हे एकदा लिहूनच टाकतो. मी डॉक्टर नाही, त्यामुळे गोळ्या चालू-बंद करायचा विषय इथे नाही, तो तुमच्या डॉक्टरांकडेच.

हिशोब एकदम सोपा आहे. किलोमधलं वजन घ्यायचं, मीटरमधल्या उंचीने भागायचं आणि जे येईल त्याला परत एकदा उंचीनेच भागायचं. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर ७२ भागिले १.६५ भागिले १.६५ असं दाबलं की २६.४ येतो, झाला तुमचा बीएमआय. त्याला ॲप वगैरे लागत नाही.

घोळ होतो तो उंचीत. आपल्याकडं उंची फूट-इंचात सांगायची सवय, आणि पाच फूट दहा इंचवाला माणूस ॲपमध्ये ५.१० टाकतो. ॲप समजतं पाच पूर्णांक एक दशांश फूट, म्हणजे १५५ सेंटीमीटर, आणि माणूस खरा आहे १७७.८ चा. ७२ किलोच्या अशा माणसाचा बीएमआय यायला पाहिजे २२.८ आणि ॲप दाखवतं २९.८, बिचारा घरी जाऊन जेवण सोडतो. म्हणून आधी सगळे इंच करून घ्या. एका फुटाचे १२ इंच, तर पाच फूट दहा म्हणजे ७० इंच, त्याला २.५४ ने गुणलं की सेंटीमीटर आले, शंभरने भागलं की मीटर.

उंची पण नवीन मोजा हो. वीस वर्षांपूर्वी भरतीला गेलो तेव्हा मोजली होती, ती नाही चालत. भिंतीला टेकून उभं राहायचं, चपला काढून, टाचा भिंतीला लागलेल्या, नजर समोर. बायकांनी अंबाडा सोडून घ्यायचा, नाहीतर उंची फुकटची वाढते. डोक्यावर पुठ्ठ्याची जाड वही आडवी, भिंतीला काटकोनात धरायची आणि तिच्या खालच्या कडेला पेन्सिलने खूण करायची, मग खाली फरशीपासून खुणेपर्यंत मोजायचं. हे दुसऱ्याने करायचं काम आहे, स्वतःच वही धरायला गेलं की मान वर जाते. साठीच्या पुढच्यांची उंची दोन-चार सेंटीमीटर कमी भरली तर टेपला दोष देऊ नका, वयानुसार मणका दबतो.

वजन सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. काटा फरशीवर सपाट जागी ठेवायचा, सतरंजीवर किंवा गोधडीवर ठेवला तर तो वाट्टेल ते दाखवतो, आणि जुन्या शहाबादी फरशीचा एखादा कोपरा वर असला की हलतो तेव्हाही तेच. घरचा काटा बरोबर आहे का हे बघायचं असेल तर आधी एकटे उभे राहा, मग ५ किलोची सीलबंद आट्याची पिशवी हातात घेऊन उभे राहा, फरक पाचच्या आसपास आला पाहिजे. माझ्या दुकानातल्या काट्यावर लोकं दुपारी जेवून, बूट घालून, खिशात दोन मोबाईल आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन चढतात आणि म्हणतात तुमचा काटा जास्त दाखवतो.

आता आकड्याचा अर्थ. जागतिक आरोग्य संघटनेचे जे आकडे जगभर चालतात ते असे: १८.५ च्या खाली म्हणजे वजन कमी, १८.५ ते २४.९ ठीक, २५ ते २९.९ जास्त, ३० आणि पुढे लठ्ठपणा. बहुतेक ॲप हेच रंग दाखवतात. पण भारतीय डॉक्टरांनी २००९ मध्ये आपल्या लोकांसाठी एकमताने वेगळ्या रेषा ठरवल्या, त्यात ठीक म्हणजे १८ ते २२.९, जास्त वजन २३ ते २४.९, आणि २५ च्या पुढे सरळ लठ्ठपणा. म्हणजे ज्याचा २४.५ आलाय तो ॲपमध्ये हिरवा आहे आणि आपल्या हिशोबात पिवळ्यात येऊन बसलाय. ह्याच्यासाठीच म्हटलं की हिरव्यावाल्यांची काळजी वाटते.

किलोत सांगू का, खालची रेषा १८.५ आणि वरची २२.९ धरून, म्हणजे पटकन समजतं. पाच फुटाच्या बाईचं वजन साधारण ४३ ते ५३ किलोत बसलं पाहिजे. पाच फूट पाच इंचवाल्याचं साधारण साडेपन्नास ते ६२. पाच फूट दहावाल्याचं साडेअठ्ठावन्न ते ७२. हे वाचून बऱ्याच जणांना धक्का बसेल कारण आपल्याकडं पाच-पाचच्या माणसाचं ७० किलो म्हणजे तब्येत धरली असं समजतात, आणि तोच माणूस ६१ वर आला की सासुरवाडीचे लोक विचारतात काही दुखणं आहे का पाहुण्यांना.

आपल्या रेषा खाली का आणल्या, ह्याचं सगळ्यात भारी उदाहरण पुण्याचं आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन, ह्या दोघांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ ह्या डॉक्टरी साप्ताहिकात स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. मग मशीनवर शरीरातली चरबी मोजली तर युडकिन साहेबांची निघाली ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. बीएमआयच्या आकड्यात काही वेगळं नाही, आत मात्र दुपटीपेक्षा जास्त चरबी. आपल्या भारतीय लोकांचं असंच आहे, त्याच वजनाला गोऱ्या माणसापेक्षा स्नायू कमी आणि चरबी जास्त, आणि ती पण हातापायाला नाही तर पोटात, लिव्हरच्या आजूबाजूला जमते. ती चरबी इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर ताब्यात ठेवणाऱ्या रसाला, नीट काम करू देत नाही, म्हणून आपल्याला शुगर लवकर आणि कमी वजनावर लागते. पुण्याजवळच्या गावांमधून याज्ञिकांच्याच टीमने जन्मलेल्या बाळांची मापं घेतली, तेव्हा बाळं वजनाला कमी पण चरबीला त्या मानाने जास्त अशी दिसली, म्हणजे गोष्ट आईच्या पोटातूनच सुरू होते. जो म्हणतो आमच्या घरात कोणी जाड नाही मग शुगर कुठून आली, त्याचं उत्तर बऱ्यापैकी इथंच आहे.

आणि एक, हा आकडा कोणा डॉक्टरने पेशंट तपासायला काढलेला नाहीच. बेल्जियमचा ॲडॉल्फ केटले म्हणून एक खगोल आणि गणितवाला माणूस होता, त्याने १८३० च्या दशकात सरासरी माणूस कसा असतो ह्याचा अभ्यास करताना हे गणित मांडलं. बॉडी मास इंडेक्स हे नाव तर १९७२ मध्ये अमेरिकेच्या ॲन्सेल कीज ह्या संशोधकाने दिलं, आणि त्याच्या अभ्यासात सगळे पुरुषच होते. हजार माणसांचा अंदाज घ्यायला हे माप स्वस्त आणि मस्त आहे, पण एका माणसाचं निदान त्याच्यावर नाही होत.

मग टेप घ्या, शिंप्याकडचा कापडी टेप, तो दहा-वीस रुपयात मिळतो. माझं तर म्हणणं असं आहे की घरात एकच गोष्ट ठेवायची असेल तर काट्याच्या आधी टेप ठेवा.

कंबर कुठे मोजायची हे नव्वद टक्के लोकांना माहीत नसतं, आणि पुरुषांचं तर ठरलेलं उत्तर असतं. मागे एक आप्पा, केळीचा मळा आहे त्यांचा, हातपाय काडीसारखे आणि शर्टाची मधली दोन बटणं ताणलेली, मला म्हणतात “मनी पँट ते आजून चौतीसनीच शे ना भाऊ.” बरोबर आहे, पँट चौतीसचीच होती, पण ती पोटाच्या खाली घसरून बसलेली, पट्टा पुढून खाली झुकलेला. पोट वाढलं तसं पँट खाली सरकत गेली, नंबर तोच राहिला. बरगड्यांच्या खाली टेप लावला तर भरलं ३९ इंच. आप्पा टेपकडं बघत बसले, मग म्हणाले शर्ट काढून मोज, शर्ट काढून मोजलं तर अर्धा इंच पण कमी नाही आलं.

तर जागा अशी शोधायची. उभं राहून कडेला हात लावा, सगळ्यात खालची बरगडी जिथं संपते ते एक टोक, आणि कमरेचं हाड जिथं वर लागतं ते दुसरं. ह्या दोघांच्या बरोब्बर मधोमध टेप गोल फिरवायचा, बहुतेकांचा तो बेंबीच्या आसपास येतो. कपड्यावरून नाही, अंगावर. टेप मागून खाली उतरलेला नको, आरशात बघा नाहीतर घरच्यांना बघायला सांगा. घट्ट आवळायचा नाही. नेहमीसारखा श्वास सोडायचा आणि सोडल्यावर आकडा वाचायचा. पोट आत ओढू नका. टेप बघितला की आपोआप पोट आत जातं, माझ्यासमोर तर सगळ्यांचंच जातं, म्हणून मी दोन गोष्टी बोलायला लावतो आणि मग वाचतो.

आपल्यासाठी रेषा आहेत पुरुषांना ९० सेंटीमीटर म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, आणि बायकांना ८० सेंटीमीटर म्हणजे साडेएकतीस इंच. त्याच्यावर गेलं की धोका, मग बीएमआय काहीही असू दे. त्याच्याही आधीचा इशारा पाहिजे असेल तर सुतळीचा उपाय करा, आपल्या उंचीएवढी सुतळी कापायची, ती मधोमध दुमडायची आणि पोटाभोवती फिरवायची. दोन्ही टोकं भेटली तर कंबर उंचीच्या अर्ध्याच्या आत आहे, नाही भेटली तर लक्ष द्यायची वेळ आली. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सल्ल्यात पण २०२२ पासून हेच अर्ध्या उंचीचं माप सांगतात, फक्त सुतळी आपली.

आता बीएमआय आणि कंबर शेजारी शेजारी ठेवून बघा. बीएमआय २२ आणि कंबर ९४ असा माणूस आपल्या जळगाव-धुळ्याकडं प्रत्येक पारावर बसलेला सापडतो, पूर्वी कापूस वेचायला, केळीचे घड वाहायला स्वतः जायचा, आता मोटरसायकलवर बांधापर्यंत जातो आणि मजुरांना हात करून सांगतो. जेवण मात्र घड वाहत होता तेव्हाचंच आहे. ह्या माणसाला ॲप हिरवं दाखवणार, गावातले सडपातळ म्हणणार, आणि शुगर कळते ती पायाची जखम दोन महिने भरत नाही तेव्हा.

उलटं पण असतं. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं, मालधक्क्यावरचे हमाल, तालमीतले पैलवान. पाच फूट आठ इंच आणि ९० किलोचा पैलवान घ्या, बीएमआय ३० च्या वर जातो, म्हणजे कागदावर लठ्ठ, पण टेप लावला तर पोट सपाट. स्नायू जड असतात आणि काट्याला चरबी काय नि स्नायू काय सारखंच. फक्त हे कारण तालीम सोडून पंधरा वर्षं झालेल्यांनी वापरू नये, माझं ते मसल आहे म्हणणारे बरेच येतात, टेप लावू देत नाहीत.

कमी बीएमआयचं कोणी बोलतच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २४ टक्के बायकांचा बीएमआय २५ आणि पुढे होता, आणि त्याच पाहणीत १८.७ टक्के बायकांचा १८.५ च्या खाली. आपल्याच खान्देशात बघा ना, जळगावात एका गल्लीत वजन कमी करायचे क्लास आणि तिकडं सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याला बाळंतपणाआधी बाईचं वजन चाळीशी गाठत नाही. १८.५ च्या खाली असलं की रक्त, प्रतिकारशक्ती, होणारं बाळ सगळ्यावर परिणाम. नंदुरबारकडच्या भिल्ल-पावरा समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पण आहे, आणि ते काय किंवा साधं रक्त कमी असणं काय, बीएमआयमध्ये दिसतच नाही, त्याला हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची वेगळी तपासणी लागते.

लहान मुलांना मोठ्यांचे आकडे लावू नका, अजिबात नाही. १८ च्या खालच्यांसाठी वय आणि मुलगा-मुलगी ह्यानुसार तक्ते असतात, ते बालरोगतज्ज्ञाकडं बघायचे. गरोदर बाईचा बीएमआय मध्येच काढून घाबरू नका, तिथं गरोदर राहण्याच्या आधीचं किंवा पहिल्या महिन्यांतलं वजन धरतात. आणि सत्तरीच्या आजी-आजोबांचं वजन थोडं जास्त असेल तर त्यांच्या मागे लागू नका, त्या वयात स्नायू कमी होणं हा जास्त मोठा प्रश्न, खुर्चीवरून हात न टेकता उठता येतं का ते बघा.

बरं, आकडे आले, पुढे काय. बीएमआय २३ च्या वर किंवा कंबर रेषेच्या वर, आणि वय तीसच्या पुढे, किंवा घरात आईवडिलांना शुगर, तर चार तपासण्या करून घ्या: बीपी, उपाशीपोटी शुगर, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी आणि लिपिड प्रोफाइल म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी. उपाशीपोटी शुगर १०० च्या खाली ठीक, १०० ते १२५ म्हणजे काठावर, १२६ आणि पुढे म्हणजे शुगर, आणि त्याची खात्री दुसऱ्यांदा तपासूनच करतात. एचबीएवनसी ५.७ च्या खाली पाहिजे, ६.५ आणि पुढे म्हणजे शुगर. बीपी १४०/९० वर दोन-तीन वेळा आला तर डॉक्टर गाठा. पैशाचा प्रश्न असेल तर उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, आता त्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तिथं तीस वर्षांपुढच्यांची बीपी आणि शुगरची तपासणी फुकट होते. आशाताई घरी येऊन कंबर मोजायला लागल्या तर लाजू नका, त्यांच्या फॉर्मवर कंबरेचा रकाना असतोच.

आणि वजन कमी करायचं म्हणजे लगेच २६ वरून २२ वर उडी मारायची नसते. ८० किलोच्या माणसाने ४ ते ५ किलो जरी उतरवले आणि टिकवले तरी शुगर-बीपीत फरक पडतो. माझ्या आवडीची एक गोष्ट म्हणजे चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन ह्यांच्या टीमचा अभ्यास, २००६ मध्ये छापून आला. शुगर काठावर असलेल्या लोकांना त्यांनी चालायला आणि नीट खायला लावलं, तीन वर्षांत शुगर लागायचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं, आणि गंमत म्हणजे त्या लोकांचं वजन काही विशेष उतरलं नव्हतं. म्हणजे चालणं चालू आहे, खाणं सुधारलंय आणि काटा हलत नाही, तरी आत काहीतरी चांगलं होत असतं. काटा हलत नाही म्हणून पहिल्या महिन्यात सोडून देणारे सगळ्यात जास्त असतात.

खाण्याचं मी जास्त सांगणार नाही, फक्त आपल्या ताटातलं सांगतो. भरीत वाईट नाही हो, वांगं, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात ह्यात काय वाईट, त्याच्याबरोबर पंधरा पुऱ्या खाल्ल्या जातात तो प्रश्न आहे, कळण्याची भाकरी घ्या, ज्वारी आणि अख्खे उडीद असल्याने प्रोटीन पण मिळतं आणि दोनात पोट भरतं. शेवभाजीत शेव तळलेली आणि वर बोटभर तर्री, ती आठवड्यातून एकदा. बट्टीवर तूप ओतताना वाटी बाजूला ठेवून चमच्याने घ्या. केळीला उगाच बदनाम करतात, शंभर ग्रॅम केळ्यात साधारण ९० कॅलरी, एक खाल्लं तर काही होत नाही, शुगरवाल्यांनी डॉक्टरांना विचारून. दिवसातले सहा गोड चहा मात्र कोणी मोजतच नाही, आणि प्रत्येक घरी, प्रत्येक दुकानात घ्यावाच लागतो, नाही म्हटलं की समोरचा रुसतो. अर्धा कप, बिनसाखरेचा म्हणून सांगायला शिका.

चालायचं आठवड्याला दीडशे मिनिटं, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढ्या वेगाने. एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ ला जातो तेव्हा सकाळी सातच्या आत नाहीतर रात्री जेवणानंतर. आणि आठवड्यातून दोनदा उठाबशा, भिंतीला हात लावून जोर, असं काहीतरी स्नायूंचं काम, कारण आपल्यात कमी काय आहे ते वर याज्ञिकांच्या गोष्टीत आलंच.

वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. कंबर महिन्यातून एकदा. दोन्ही आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, डॉक्टरकडं जाताना त्याचा मोबाईलवर फोटो काढून न्या. बीएमआय रोज काढून काही उपयोग नाही, उंची काही रोज बदलत नाही.

आणि काहीही न करता, म्हणजे ना चालणं ना पथ्य, वजन आपोआप उतरायला लागलं, सहा महिने-वर्षभरात ८० चे ७६ झाले, पँट ढिली झाली, वर तहान लागते, रात्री लघवीला चार वेळा उठावं लागतं, तर बीएमआय चांगल्यात आला म्हणून पेढे वाटत बसू नका. शुगर खूप वाढली की असं होतं, थायरॉईडमध्ये होतं, टीबीमध्ये खोकला आणि संध्याकाळच्या तापाबरोबर होतं, अजूनही कारणं असतात. त्याच आठवड्यात उपाशीपोटी लॅबमध्ये जाऊन रक्त द्या आणि रिपोर्ट घेऊन डॉक्टरकडं जा, माझ्याकडं टॉनिकची बाटली मागायला येऊ नका.